बेतणी (शिवणकाम)

कापडाला कात्री लावण्याआधी पाठ, पुढचे भाग, बाह्या, पट्ट्या त्यावर कशा बसतील हे ठरवून खडूने आखून घेणे म्हणजे बेतणी. तयार कपड्यांच्या उद्योगात कटिंगमध्येच सुमारे १५ टक्के कापड वाया जाते, असा अंदाज नेहमी दिला जातो. या कापडाचा कापूस पिकवायला, ते विणायला आणि रंगवायला लागलेले पाणी, वीज व रसायनेही त्याच्याबरोबर फुकट जातात. छोट्या शिवण व्यवसायाला सूत किंवा रंग कुठून आला यावर फारसे नियंत्रण नसते. त्याच्या हातात असते ते कटिंगचे टेबल.

बेतणीतला फरक कळीदार परकरावर चांगला दिसतो. कळी म्हणजे वर अरुंद, खाली रुंद अशी उभी पट्टी; अशा पट्ट्या जोडून परकर होतो. कळी वर ४ इंच आणि खाली ८ इंच रुंद हवी असेल आणि सगळ्या कळ्या एकाच दिशेने आखल्या, तर दोन कळ्यांना १६ इंच कापड लागते आणि मध्ये तिरक्या चिंध्या उरतात. एक कळी सुलटी, तिच्याशेजारी दुसरी उलटी ठेवली की त्याच दोन कळ्या १२ इंचांत निघतात. मध्ये चिंधी उरतच नाही. मखमल किंवा एकाच दिशेला तोंड असलेली छापील नक्षी असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण निम्म्या कळ्यांवर मखमलीची लव उलटी पडते किंवा फुले डोके खाली करून येतात. जुना कळीदार कुर्ताही असाच चौकोन आणि तिरक्या कळ्या जोडून शिवत. कापड महाग आणि शिलाई स्वस्त होती, तेव्हाची ही अक्कल आहे. पर्यावरण हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता.

सगळीच काटकसर मात्र कामाची नाही. टिपेच्या पलीकडे सोडलेल्या जादा कापडाला ‘माया’ म्हणतात. माया भरपूर असलेला ब्लाऊज उसवून सैल करता येतो आणि आणखी काही वर्षे चालतो. अगदी कडेला ओव्हरलॉक (कड कापून धाग्याने बंद करणारी यंत्राची शिवण) मारलेल्या स्वस्त तयार कपड्यात ती सोय नसते. मायेत वाचवलेले बोटभर कापड पुढे अख्खा कपडा टाकायला लावते.

बेतणी पूर्वी उस्तादाच्या हाताखाली शिकत. आधी काज-बटण, तुरपाई, आणि कात्री सगळ्यांत शेवटी. आता आयटीआयचा एक वर्षाचा ‘सुइंग टेक्नॉलॉजी’ अभ्यासक्रम आणि गावोगावचे शिवणवर्ग हे काम करतात. वर्गात आधी वहीत पाव प्रमाणात ड्राफ्टिंग (मापांवरून कपड्याच्या भागांची आकृती) करतात, मग कागदी नमुना. हा नमुना कापडावर हवा तसा फिरवून पाहता येतो, म्हणून काटकसर शिकवायला तो थेट कापडावर आखण्यापेक्षा बरा. आयटीआयच्या मूल्यमापनाच्या निकषांत माल वाया न घालवणे आणि टाकाऊ मालाची योग्य विल्हेवाट यांचाही उल्लेख आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या, कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीही येतात. तिचे पायाभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचे असते; तेवढ्यात नव्या अवजारांची ओळख होईल, बेतणीचा हात बसणार नाही.

गणवेशाच्या शिलाईसाठी प्रसिद्ध असलेल्या सोलापुरासारख्या ठिकाणी एकाच कापडातून अनेक मापे काढायची असतात. मोठ्या मापाच्या भागांमधल्या फटीत लहान मापाच्या पट्ट्या, खिसे बसवता येतात. एकेक गिऱ्हाइकाचे कापड वेगळे कापणाऱ्या टेलरला ही सवलत नाही.

एवढे करूनही कातरण उरतेच. सुती चिंध्या गॅरेजमध्ये यंत्रे पुसायला जातात, बऱ्यापैकी तुकडे गोधडीला लागतात. पॉलिस्टर-सुती मिश्रणाचे धागे वेगळे करणे अवघड असल्याने त्या चिंध्यांना सहसा भाव येत नाही. दुकानात सुतीसाठी एक आणि मिश्र कापडासाठी एक अशी दोन पोती पहिल्यापासून ठेवली, तर निदान सुती माल विकता येतो. एकदा मिसळलेली कातरण पुन्हा निवडत बसायला कुणाला वेळ नसतो.