न दिसणारा घाम : जोशुआ ट्रीच्या उंच वाळवंटातील एक सोपी वाट

दक्षिण कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात बार्कर डॅम नावाची एक गोल फेरीची वाट आहे. तिची लांबी जेमतेम 1.8 किलोमीटर आहे, चढ-उतार नावापुरताच आहे आणि रमतगमत चालले तरी तासा-दीड तासात माणूस निघाला त्याच जागी परत येतो. लॉस एंजेलिसहून मोटारीने अडीच तासांत तिथे पोहोचता येत असल्यामुळे त्या भागातील मराठी कुटुंबे भारतातून आलेल्या आई-वडिलांनाही तिकडे हौसेने घेऊन जातात. एवढ्याशा वाटेची तयारी ती काय करायची, असे अनेकांना वाटते. तयारी अंतर पाहून केली जाते आणि नेमकी तिथेच चूक होते, कारण या वाटेवर हिशेब धरायचा तो हवेचा.

मोहावी वाळवंटाचा हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंचीवर आहे. उंची वाढली की हवा विरळ होते आणि दर हजार मीटरमागे सूर्याची अतिनील किरणे साधारण दहा टक्क्यांनी प्रखर होत जातात. त्यामुळे हिवाळ्यातल्या गारव्यातही दुपारी त्वचा भाजते. हवेत बाष्प कमी असल्याने दिवसा तापलेली जमीन आपली उष्णता सूर्य कलताच आकाशाकडे सोडून देते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पातळ सदरा पुरतो आणि रात्री पारा शून्याखाली उतरू शकतो. पिशवीत टोपी आणि लोकरी स्वेटर एकाच वेळी असायला हवेत, ते यासाठी.

सर्वांत फसवा असतो तो घाम. मुंबईच्या मे महिन्यात कपाळावरून धारा लागतात, सदरा पाठीला चिकटतो आणि आपल्याला किती घाम आला हे कुणी सांगावे लागत नाही. परंतु ओघळून खाली पडलेला घाम शरीराला थंड करत नाही. थंडावा मिळतो तो त्वचेवरून वाफ होऊन उडालेल्या घामामुळे. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातून सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तेवढ्या उष्णतेत सात लिटर साधे पाणी उकळीला आणता येईल. वाळवंटाच्या कोरड्या हवेत ही क्रिया इतकी झपाट्याने होते की घाम त्वचेवर दिसण्याआधीच उडून जातो. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा दोन तास चालूनही हात कोरडेच होते आणि आपल्याला घामच आला नाही, अशी माझी खात्री झाली होती. मोटारीजवळ येऊन टोपी काढली, तर तिच्या कडेने बोटभर रुंदीची पांढरी मिठाची रेघ उमटली होती.

त्यामुळे पाणी तहानेवर सोपवू नये. माणशी दिवसाला निदान चार लिटर पाणी ठेवावे, असे उद्यानाचे सांगणे आहे. छोट्या फेरीसाठी त्यातले दीड-दोन लिटर पाठीवर आणि उरलेले मोटारीत ठेवणे मला योग्य वाटते. उद्यानाच्या आतल्या भागात पिण्याचे पाणी मिळत नाही, तेव्हा बाटल्या प्रवेशाआधीच भरून घ्याव्यात. घामाबरोबर मीठही जाते आणि नुसते पाणी पोटभर पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरून मळमळ व डोकेदुखी होऊ शकते. चिवडा आणि खारे शेंगदाणे इथे खाऊपेक्षा औषधाच्या मोलाचे आहेत.

गोल वाटेची आणखी एक खुबी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. निम्मे पाणी संपले की मागे फिरावे, हा सरळ वाटेवरचा नियम; गोल वाटेवर मात्र मध्य ओलांडल्यावर मागे फिरणे म्हणजे अधिक चालणे होय. पुढे जायचे की नाही, याचा निर्णय मध्याच्या आधी घ्यायचा असतो. नेहमीच्या दिशेने निघाल्यास धरण साधारण त्याच सुमारास येते, ही सोय समजावी. मोबाईलचे जाळे आत जवळजवळ नसल्यामुळे नकाशा आधीच फोनमध्ये साठवावा आणि परतण्याची वेळ घरी कुणाला तरी सांगून ठेवावी.

ते धरण 1900च्या सुमारास गुरे पाळणाऱ्यांनी बांधले आणि पुढे त्याची उंची वाढवण्यात आली. जागा त्यांनी विचारपूर्वक निवडली होती. दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी जमिनीखाली थिजलेल्या शिलारसाचे हे ग्रॅनाइटसदृश खडक पाणी फारसे मुरू देत नाहीत. त्यांच्या भेगांतून झिरपलेल्या भूजलाने त्यांचे कोपरे जमिनीखालीच झिजवले. वरची माती वाहून गेल्यावर जे उघडे पडले, ते आज रचून ठेवल्यासारखे दिसणारे गोलसर धोंडे. त्यांच्या कुशीत हिवाळ्याचा पाऊस साठतो आणि रानमेंढ्या तिथे पाण्यावर येतात. अनेकदा मात्र धरण पार कोरडे असते, तेव्हा त्याच्या भरवशावर बाटली रिकामी करू नये.

जाण्याचा हंगाम ऑक्टोबर ते मे हा आहे. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान जोशुआ वृक्षांना फिकट पांढऱ्या फुलांचे तुरे येतात आणि माझ्या मते हा सर्वोत्तम काळ होय. या झाडाचे परागीभवन एका लहानशा पतंगावर अवलंबून आहे. मादी तोंडाजवळच्या खास अवयवांनी परागांची गोळी गोळा करते, दुसऱ्या फुलाच्या बीजकोशात अंडी घालते आणि मग ते पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर स्वतः दाबून बसवते. अळ्या काही बिया खातात, उरलेल्यांतून नवी झाडे उगवतात. जून ते सप्टेंबर या काळात पारा 38 अंशांपुढे जातो आणि अचानक येणाऱ्या वळवाच्या सरींनी कोरडे ओढे क्षणात भरून वाहू लागतात. त्या दिवसांत इथे दुपारी चालू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

पाऊल वाटेवरच ठेवावे. आजूबाजूच्या मातीवर सूक्ष्म जीवाणूंची, शेवाळांची आणि दगडफुलांची खरबरीत साय धरलेली असते. ती वाळू बांधून ठेवते आणि एका बुटाखाली मोडली की पुन्हा धरायला कित्येक वर्षे घेते. तसेच, निघताना मोटारीखाली वाकून पाहावे, कारण वाळवंटी कासव सावलीसाठी तिथे येऊन बसते. ते दिसल्यास त्याला हात न लावता ते आपणहून निघून जाईपर्यंत थांबावे. कोरड्या महिन्यांसाठी लागणारे पाणी ते मूत्राशयात साठवून ठेवते आणि उचलले असता भीतीने सारे सोडून देते. पुढचा पाऊस येईपर्यंत त्याच्याजवळ मग दुसरे पाणी नसते.