हरिकेन थांबत का नाही?

एक पसरट भांडं घ्या, त्यात चार बोटं पाणी भरा आणि चमच्याने एकाच दिशेने गोल ढवळा. चमचा काढून दोन-तीन सेकंद थांबा, मग मध्यापासून जरा बाजूला खाण्याच्या रंगाचे दोन थेंब सोडा. घाई केलीत तर रंग नुसताच मिसळून जाईल. नीट जमलं तर रंगाचे वळणदार पट्टे उमटतात. उपग्रहाच्या फोटोत हरिकेनचे, म्हणजे अमेरिकेच्या बाजूच्या समुद्रांतल्या जोरदार चक्रीवादळाचे, ढग साधारण असेच दिसतात.

पण थोड्याच वेळात पाणी मंदावतं. भांड्याच्या तळाला आणि कडांना घासून त्याचा वेग संपतो. हरिकेनचा वाराही समुद्राला घासतच असतो, तरी ते कित्येक दिवस फिरत राहतं. मग त्याला सतत ढवळत ठेवणारा चमचा कोणता?

तो चमचा म्हणजे वाफ. एक लिटर पाणी ० अंशांपासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. ती वाफेत दडून राहते. हाच पाठ्यपुस्तकातला अप्रकट उष्मा. समुद्रावरची दमट हवा वर चढून गार झाली की वाफेचे पुन्हा थेंब होतात आणि दडलेली उष्णता मोकळी होते. भोवतालची हवा तापते, हलकी होते, आणखी वर जाते. खाली हवेचा दाब उतरतो, म्हणून बाजूची हवा आत धावते आणि येता येता समुद्रावरून आणखी वाफ गोळा करते.

धावणारी हवा सरळ मध्यात का पोचत नाही? पृथ्वी फिरते म्हणून. उत्तर गोलार्धात वारे उजवीकडे वळतात आणि वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. दक्षिण गोलार्धात सगळं याच्या उलट. विषुववृत्ताजवळ हा परिणाम अगदी क्षीण असतो, त्यामुळे साधारण ५ अक्षांशांच्या आत अशी वादळं क्वचितच तयार होतात. (बेसिनमधलं पाणीही याच कारणाने गोल फिरतं, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एवढ्याशा पाण्यावर हा परिणाम जाणवतही नाही.)

इंधनासाठी समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंश किंवा त्याहून गरम लागतं, आणि तेही सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत. नुसता वरचा थर कोमट असून भागत नाही, कारण वारा समुद्र घुसळतो आणि खालचं गार पाणी वर येतं. एकाच जागी रेंगाळणारं हरिकेन म्हणूनच आपल्या चुलीत आपणच पाणी ओततं. वरच्या आणि खालच्या वाऱ्यांचा वेग किंवा दिशा फार वेगळी असली, तर वादळाचा खांब तिरका होतो आणि उष्णता मध्यावर साठत नाही. जमिनीवर आल्यावर ते झाडा-डोंगरांना आपटून मरतं, असा अनेकांचा समज असतो. ते अर्धंच खरं. मुख्य म्हणजे खालून येणारी वाफ तुटते.

मध्यभागी असतो डोळा, बहुधा ३० ते ६५ किलोमीटर रुंद. तिथे हवा खाली उतरते, त्यामुळे ढग विरळ आणि वारा मंद. त्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत वारा सर्वांत जोरदार असतो. डोळा डोक्यावर आला की वादळ संपलं असं वाटून माणसं बाहेर पडतात, आणि थोड्या वेळाने भिंतीची दुसरी बाजू येते. आता वारा उलट दिशेचा असतो. आधीच्या माऱ्यात खिळखिळी झालेली छपरं आणि झाडं अशा वेळी कोसळू शकतात.

हरिकेनची ताकद पाच श्रेणींत मोजतात: वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटर झाला की पहिली श्रेणी, २५२ पासून पाचवी. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. पण ही मोजपट्टी फक्त वारा मोजते, वाऱ्याने किनाऱ्यावर ढकललेलं पाणी नाही. २००५ साली कॅटरिना हरिकेन अमेरिकेच्या आखाती किनाऱ्याला धडकलं तेव्हा ते तिसऱ्या श्रेणीत उतरलं होतं, तरी मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर समुद्र ८ मीटरहून जास्त चढला. आदल्या दिवशी ते पाचव्या श्रेणीत होतं, त्याचा घेर मोठा होता आणि तिथला समुद्र उथळ आहे. अमेरिकेत २०१७ पासून पाण्याच्या या फुगवट्याचा इशारा वाऱ्याच्या इशाऱ्यापासून वेगळा दिला जातो.