गवत वाढेल तसे सण

आयर्लंडचं जुनं वर्ष चार दिवसांवर उभं होतं: १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबर. यातला एकही दिवस वर्षातला सर्वांत मोठा किंवा सर्वांत लहान नाही, दिवस-रात्र समान असण्याचाही नाही. या तारखा त्यांच्या साधारण मधोमध पडतात. असं का, याचं उत्तर मला तिथल्या गवतात दिसतं. गुराढोरांवर जगणारा हा देश, आणि गुरांचं पोट गवतावर.

मे उजाडला की गुरं डोंगरावरच्या कुरणात चढायची, नोव्हेंबरला खाली परतायची. ती नोव्हेंबरची आदली रात्र म्हणजेच हॅलोविन. तेव्हा भोपळे नव्हते, सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. ऑगस्ट आला की जुलैची चणचण सरून नव्या पिकाचा घास मिळे.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो १ फेब्रुवारी, आयर्लंडची ख्रिस्ती संत ब्रिजिड हिचा दिवस. डिसेंबरात डब्लिनला जेमतेम साडेसात तास उजेड असतो, तो आता नऊ तासांच्या जवळ आलेला असतो. मेंढ्या माजावर येतात त्या दिवस लहान होऊ लागल्यावर, म्हणजे शरदात. गर्भ पाच महिन्यांचा. त्यामुळे वसंताच्या तोंडावर कोकरं जन्मतात, मेंढीला दूध उतरतं आणि थोड्याच दिवसांत जमिनीत ऊब येऊन कोवळं गवत फुटू लागतं. या सणाच्या जुन्या नावाचा अर्थ एका मध्ययुगीन आयरिश शब्दकोशात ‘मेंढीचं दूध’ असाच दिला आहे.

आदल्या संध्याकाळी ब्रिजिडचा क्रूस विणायला पाणथळीतून लव्हाळ्यासारखं गवत आणतात. ते कापायचं नाही, मुळापाशी धरून ओढायचं. आतला गर स्पंजासारखा, हवेच्या पोकळ्यांनी भरलेला, म्हणून ओली काडी दुमडली तरी तुटत नाही. एक काडी उभी धरायची, दुसरी तिच्याभोवती दुमडायची, पाव वळसा फिरवायचं, पुन्हा दुमडायचं. मधे चौकोन भरत जातो, चार हात फुटतात, टोकं बांधली की क्रूस तयार. काडी वाळते तशी ती घडी कायमची होते. त्या रात्री कापडाचा तुकडाही बाहेर ठेवत. ब्रिजिड जाताना त्याला आशीर्वाद देते, ही श्रद्धा. मग वर्षभर तो डोकेदुखीवर बांधायचा, अडलेल्या गाईच्या पाठीवर टाकायचा.

१९३७ ते १९३९ या काळात हजारो शाळकरी मुलांनी आजी-आजोबांना विचारून अशा चालीरीती वह्यांत उतरवल्या. त्या वह्या जपल्या गेल्या, याचा मला फार आनंद वाटतो.

क्रूस दारावर आणि गोठ्यात लागे. काही घरांत जुना काढत नसत. नवा त्याच्या शेजारी खोचत, आणि छपराखाली वाळलेल्या क्रूसांची रांग दरवर्षी एकाने वाढे.