मी उठलो की स्क्रीन काळी

चहा ठेवायला उठलो की स्क्रीन काळी. समोर बसून तासभर टायपिंग करा, व्हिडिओ बघा, काही होत नाही. पाठ वळली की गेलं. आठवडाभर हा खेळ चालल्यावर घरच्यांनी ‘मॉनिटर गेला, नवा आणा’ असा निकाल देऊन टाकला. कोल्हापूरच्या राजारामपुरीत जाऊन नवा आणला असता, तर तोही असाच काळा पडला असता.

मॉनिटरला हातात येईल ते चित्र दाखवण्यापलीकडे फारसं काम नसतं. म्हणून आधी बघायचं, काळोख नक्की कुठला. मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारायचा. अक्षरं अंधुक दिसली तर चित्र येतंय, फक्त मागचा दिवा गेलाय. मला काहीच दिसलं नाही. उलट मॉनिटर बंद करून चालू केला तेव्हा ‘नो सिग्नल’ची पाटी तरंगून गेली, म्हणजे तो बिचारा शाबूत होता. मग कॅप्स लॉक दाबला. कीबोर्डवरचा बारका दिवा लागला, पुन्हा दाबल्यावर विझला. संगणकही जिवंत! केबल बदलून झाली, फरक शून्य. उरलं डिस्प्ले कार्ड, म्हणजे संगणकात चित्र तयार करून मॉनिटरकडे पाठवणारा भाग, आणि त्याचे पंखे तर पिठाच्या गिरणीसारखे घोंगावत होते.

आता मी उठल्यावरच का? माझ्या संगणकावर ‘आइन्स्टाइन ॲट होम’ चालतं. 2005 साली सुरू झालेला हा प्रकल्प लोकांच्या घरातल्या रिकाम्या संगणकांकडून गणितं करून घेतो आणि लायगो या वेधशाळेच्या नोंदींत गुरुत्वीय लहरी (अवकाशातले बारीक तरंग), दुर्बिणींच्या नोंदींत पल्सार, म्हणजे गरगर फिरत ठरावीक तालात ठोके देणारे तारे शोधतो. 2010 मध्ये असा एक पल्सार खरंच सापडला. (आपल्या हिंगोलीत लायगो उभी राहतेय, म्हणून मला याचं जरा जास्तच कौतुक.) हे काम ज्या ‘बॉइंक’ नावाच्या प्रोग्राममधून चालतं, तो मालक कामात असताना डिस्प्ले कार्डाला हात लावत नाही. कीबोर्ड-माउस तीन मिनिटं गप्प राहिले की मगच कार्डाला जुंपतो. माझा चहा उकळायला तेवढाच वेळ लागतो.

कार्ड अडखळलं तर विंडोजकडे त्यावर उपाय असतो. चित्र काढणं आणि गणित करणं ही दोन्ही कामं एकाच कार्डाची. गणितात गुंतून कार्डाने दोन सेकंद प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज त्याला अडकलेलं समजून त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, नव्याने सुरू करतं. विंडोज व्हिस्टापासूनची ही सोय. स्क्रीन क्षणभर काळी होते, परत येते आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत 4101 क्रमांकाची नोंद पडते. माझी स्क्रीन परत येतच नव्हती. म्हणजे कार्ड नुसतं अडकलं नव्हतं, पार कोलमडत होतं.

असं कार्ड कोलमडलं की पहिला संशय उष्णतेवर. आमचं घर उद्यमनगरच्या कारखान्यांना लागून. बाजूचं झाकण काढलं तर कार्डाच्या पंख्यांवर राखाडी धुळीची गोधडी, बोटाला चिकटणारी. ब्रश आणि ब्लोअरने काढली. तापमान दहा-बारा अंशांनी उतरलं, पण स्क्रीन काळी ती काळीच.

मग एक प्रयोग केला. कार्डाचा वेग आणि त्याच्या चिपला मिळणारा विजेचा दाब (व्होल्टेज) दोन्ही थोडे खाली आणले. चिप किती वीज खाते हे वेगावर आणि दाबाच्या वर्गावर ठरतं. दोन्ही 10 टक्क्यांनी कमी केले तर 0.9 चा घन, म्हणजे 0.73. एक चतुर्थांशाहून जास्त वीज वाचते आणि गणित जेमतेम दहावा भाग मंदावतं. त्या रात्री स्क्रीन एकदाही गेली नाही. गोम विजेत होती.

मोटर रिवायंडिंग करणारा माझा मित्र संध्याकाळी आला. कार्डाला वीज देणारा आठ पिनांचा कनेक्टर त्याने काढला आणि माझ्यासमोर धरला. पांढऱ्या प्लास्टिकवर दोन भोकांभोवती तपकिरी कड आली होती.

“भावा, सांधा ढिल्ला हाय बघ. विहिरीवरच्या स्टार्टरचं बी असंच असतंय. मोटर चांगली, अन् वायर काळी.”

या कनेक्टरमधून 150 वॅट जाणं अपेक्षित असतं. 12 व्होल्टला ते साडेबारा अँपियर होतात. घरातल्या गिझरइतका प्रवाह, आणि तो काडीएवढ्या पिनांतून! सांध्यात एक ओहमचा फक्त पन्नासावा भाग रोध (विजेच्या वाटेतला अडथळा) आला, तरी पाव व्होल्ट तिथेच खर्ची पडतो आणि तीन वॅटची उष्णता त्या बारक्या प्लास्टिकात कोंडते. उष्णतेने पकड आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो. टायपिंग करताना कार्ड मूठभर वीज घेतं, म्हणून काही कळत नाही. पल्सार शोधायला लागलं की दाब घसरतो आणि कार्ड मान टाकतं.

वीजपुरवठ्याचा डबा मात्र आम्ही उघडला नाही. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर झटका देऊ शकतात. त्याची केबल वेगळी मिळते तेवढीच बदलली, वेग पुन्हा पूर्ववत केला.

आता मी उठून गेलो तरी स्क्रीन काळी होतेच, पण दहा मिनिटांनी, मीच लावून ठेवल्याप्रमाणे. माउस हलवला की उजळते.