शेतातल्या कष्टाचं मोजमाप

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतून भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, तेव्हा माणशी रोज २,२५० उष्मांक धरले. नियोजन आयोगाच्या १९७९ च्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० हे आकडे ठरवले. खेड्याचा आकडा मोठा, कारण शेतीत अंगमेहनत जास्त. पण ती नेमकी किती, हे शेतात जाऊन फारसं मोजलंच गेलं नव्हतं. एकाच माणसाचा आहार दिवसागणिक बदलतो, शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं, असा आक्षेप संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी घेतला आणि मोठा वाद झाला. त्या वादातही भर राहिला तो खाल्लेल्या अन्नावर.

शरीर किती ऊर्जा खर्च करतं, हे मोजणं अवघडच होतं. १९११ पासून डग्लस पिशवी होती: नाकाला चिमटा, तोंडात नळी, पाठीवरच्या पिशवीत उच्छ्वास साठवायचा आणि किती ऑक्सिजन वापरला गेला ते काढायचं. हे सगळं अंगावर बांधून कोण दिवसभर भात लावणार? म्हणून एकेका कामाचा काही मिनिटांचा दर काढत, मग निरीक्षक घड्याळ घेऊन मागे फिरे आणि गुणाकार होई. वाकून केलेली खुरपणी आणि मध्येच टेकलेली पाठ यांत फरक करणं त्याच्या नजरेवर सोडलेलं असे.

वाट मोकळी झाली ती वेगळ्याच पाण्याने. ड्युटेरियम (जड हायड्रोजन) आणि ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजन) असलेलं पाणी प्यायला द्यायचं. दोन्ही लघवी-घामातून बाहेर पडतात, पण ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधूनही जातो. एक-दोन आठवड्यांच्या लघवीच्या नमुन्यांतून हा फरक काढला की किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला आणि त्यावरून ऊर्जाखर्च समजतो, आणि माणूस आपलं काम करत राहतो. नेथन लिफसन यांनी १९५५ मध्ये ही पद्धत उंदरांवर वापरली; माणसांवर ती आली १९८२ मध्ये, कारण ऑक्सिजन-१८ फार महाग होता.

पश्चिम आफ्रिकेत गांबिया देशातल्या केनेबा गावात पावसाळी भातशेतीच्या दिवसांत बायकांचा खर्च असा मोजला गेला. १९८९ साली प्रसिद्ध झालेला आकडा दिवसाला सुमारे २,५०० उष्मांकांचा, विश्रांतीतल्या खर्चाच्या जवळपास दुप्पट. आहाराच्या नोंदींत मात्र त्याहून खूपच कमी अन्न दिसत होतं, आणि वजनातल्या घटीने ती तफावत भरून निघत नव्हती. म्हणजे नोंदीच अपुऱ्या होत्या. मला हा या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा वाटतो, कारण जगभरची भूक अशाच नोंदींवरून मोजली जात होती. १९८५ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ अहवालाने गरज शक्यतो खर्चावरून ठरवावी, असं आधीच म्हटलं होतं.

आपल्याकडे पुण्याजवळच्या सहा गावांत १९९० च्या दशकात गरोदर बायकांच्या कामाची प्रश्नावलीने नोंद झाली. त्यात शेतकामाच्या जोडीने विहिरीवरून पाणी आणणं, धुणं हेही धरलं होतं. ज्यांचं काम जास्त, त्यांची बाळं सरासरीने लहान जन्मली.