आधी पेटी, मग पडदा
विज्ञानपेटी वापरणाऱ्या प्राथमिक शिक्षकांसाठी माहितीपत्रक

पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक क्यूआर कोड आहे. तो मोबाईलने स्कॅन केला की त्या पेटीतल्या प्रयोगांना जोडून पाहण्यासारखे व्हिडिओ आणि सिम्युलेशन (पडद्यावर करून बघायचे प्रयोग) यांची आमची यादी उघडते. ‘हे वर्गात कधी दाखवायचं?’ असं शिक्षक आम्हाला नेहमी विचारतात. आमचं सरळ मत आहे : मुलांचे हात आधी चालू द्या, पडदा नंतर. शेवट आधीच पाहिलेला असला की मुलं प्रयोग करत नाहीत, पाहिलेलं उरकतात.

वीजपेटीचंच बघा. प्रत्येक जोडीला १.५ व्होल्टचा एक सेल, टॉर्चचा तारेचा छोटा बल्ब (एलईडी नव्हे) आणि एकच वायर द्या. सूचना एवढीच : बल्ब पेटवा. बरीच मुलं बल्बचं बूड सेलच्या टोपीवर टेकवून वाट बघतात. काही जण वायरची दोन्ही टोकं थेट सेलच्या दोन्ही बाजूंना लावतात. तेव्हा वायर आणि सेल तापतात, लगेच सोडायला सांगा. मग कधीतरी वायरचं एक टोक सेलच्या तळाला आणि दुसरं बल्बच्या बाजूच्या धातूला लागतं, आणि बल्ब पेटतो. बल्बला बूड आणि बाजू अशी जोडायची दोन ठिकाणं असतात, हे कुणी न सांगता कळलेलं असतं. या खटपटीत निम्मी तासिका गेली तरी जाऊ द्या.

यानंतर ‘फेट’चं विद्युत मंडलाचं सिम्युलेशन लावा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प मोफत आहे. वायरमधून सरकणारे इलेक्ट्रॉन यात दिसतात, आणि ते दाखवणं कुठल्याच पेटीला शक्य नाही. पण पडद्यावरची जोडणी कधी सैल होत नाही. आमच्या पेटीतल्या तांब्याच्या तारेवर मात्र एनॅमलचा पारदर्शक थर असतो. तो पॉलिश पेपरने घासून काढल्याशिवाय बल्ब पेटायचा नाही. बिघाड कुठे आहे ते शोधणं मुलं इथेच शिकतात, म्हणून टोकं आम्ही मुद्दाम घासून देत नाही.

शिक्षकाने मात्र पडदा आधी बघावा, आदल्या दिवशी, पेटी समोर ठेवून. व्हिडिओत सगळं पहिल्या फटक्यात जमलेलं दिसतं, कारण फसलेले प्रयत्न कापलेले असतात. फ्रँक ऑपेनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या एक्सप्लोरेटोरियम या संग्रहालयाचे ‘सायन्स स्नॅक्स’ हे छोटे प्रयोग तयारीसाठी उत्तम आहेत. साहित्य, कृती आणि कारण, तिन्ही नीट दिलेलं असतं.

कारणांच्या बाबतीत जरा सावध राहा. पाण्यातल्या पेटत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला की पाणी आत चढतं. ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली,’ असं अनेक व्हिडिओंत ठोकून दिलेलं असतं. नीट पाहिलं तर ज्योत विझत आली की पाणी झपकन वर चढतं, आणि त्याआधी कधी कधी ग्लासच्या कडेने बुडबुडे बाहेर पडतात. ज्योतीने हवा तापून पसरते, ज्योत विझली की ती थंड होऊन आकसते. पाणी चढण्याचं मुख्य कारण हे आहे. एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवून बघा, पाणी आणखी वर जातं. ऑक्सिजन तर ग्लासात तेवढाच असतो! हा प्रयोग शिक्षकाने स्वतः करावा, मुलांच्या हाती काडेपेटी देऊ नये.

जे वर्गात मावत नाही किंवा तासिकेत उरकत नाही, त्यासाठी पडदाच हवा. चंद्राच्या कला २९.५ दिवसांत एक फेरी पूर्ण करतात. मुलांनी रोज चंद्र पाहून वहीत काढावा आणि ढगाळ दिवसांची जागा ‘स्टेलेरियम’ या आकाश दाखवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बघून भरावी. बी रुजण्याचा वेगवान व्हिडिओही चालेल, फक्त स्वतःच्या बीला कोंब फुटल्यावर.

वर्गात नेट नसेल तर फेटची नवी सिम्युलेशन आधी डाउनलोड करून ठेवा, ती नेटशिवाय चालतात. यादीतली लिंक उघडत नसेल तर झाकणावरचा पेटी क्रमांक आम्हाला कळवा. कोड तोच राहतो, यादी आम्ही आमच्याकडून बदलतो.