तल्लफ आणि कृती यांच्यामधले तीन श्वास

उत्कटासनात साधारण चाळिसाव्या सेकंदाला मांड्या थरथरू लागतात. गुडघे वाकलेले, हात वर, पाठीमागे नसलेल्या खुर्चीवर बसल्यासारखे आपण. नाशिकमधल्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सकाळच्या योगवर्गात शिक्षिका नेमक्या तेव्हाच म्हणतात, "सोडू नका, अजून तीन श्वास. थरथर नुसती बघा." पहिल्या श्वासाला वाटतं, आता पाय गळून पडणार. दुसऱ्याला थरथर तेवढीच असते, पण तिची धास्ती उतरते. तिसऱ्यानंतर आपण आसन सोडतो ते ठरवून, घाबरून नाही.

वर्गातल्या एका तिशीतल्या मित्रानं परवा सोमेश्वरच्या बाजूला चालताना मान खाली घालून विचारलं, "दादा, योगानं हे सुटतं का हो?" त्याला विचारूनच हे लिहितो आहे. सातपूरला शिफ्टमध्ये काम. रात्री दोन-दोन, तीन-तीन तास मोबाईलवर अश्लील व्हिडिओ. कितीदा तरी ठरवलं, कितीदा तरी मोडलं. सकाळी ड्युटीला उशीर, घरात अबोला. आणि शेवटी म्हणाला, "आता त्यात मजासुद्धा येत नाही, तरी हात तिकडेच जातो."

त्याच्या या शेवटच्या वाक्यातच आजाराची खूण आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये असा त्रास असलेल्या पुरुषांच्या मेंदूचे स्कॅन काढले. व्हिडिओ पाहताना त्यांना ते हवंहवंसं इतरांपेक्षा जास्त वाटत होतं, पण आवडत मात्र जास्त नव्हतं. हवं असणं आणि आवडणं यांचे मेंदूतले रस्ते वेगळे आहेत. सवय घट्ट होते तसा पहिला रस्ता रुंद होत जातो आणि दुसरा आहे तिथेच राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात, सक्तीच्या लैंगिक वर्तनाची नोंद आहे. व्यसनांमध्ये नाही, तर ऊर्मींवरचा ताबा सुटण्याच्या विकारांमध्ये. ताबा सुटणं सहा महिने किंवा जास्त काळ चाललेलं हवं, त्यानं काम, नाती किंवा तब्येत बिघडलेली हवी. त्याच यादीत एक ओळ आहे, ती आपल्याकडे मोठ्या अक्षरांत लावायला हवी: केवळ 'हे पाप आहे' असं वाटून होणारा त्रास म्हणजे हा आजार नव्हे. नाशिकरोडहून मुंबईकडे निघालं की रुळांकडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग' आणि 'कमजोरी'च्या जाहिराती दिसतात. त्या वाचून घाबरलेल्या कितीतरी तरुणांना कसलाही आजार नसतो. हस्तमैथुनानं शक्ती जात नाही. उलट लाजेनं आलेला ताण घालवायला माणूस पुन्हा तिकडेच वळतो, आणि चक्र फिरत राहतं.

म्हणून मित्राला आधी डॉक्टरांकडे जा म्हटलं, आणि यात मला तडजोड मान्य नाही. कारण अशी वागणूक कधी उन्मादाच्या, म्हणजे मन बेसुमार चढण्याच्या, आजारात अचानक सुरू होते, तर कधी पार्किन्सनवरच्या प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोलसारख्या गोळ्यांनी. साठीतला सज्जन माणूस एकाएकी बदलला तर घरच्यांनी त्याच्या चारित्र्याला बोल लावण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी. गोळ्या आपल्या मनानं बंद मात्र करू नयेत. खरा आजार असेल तर समुपदेशनाच्या ठरलेल्या पद्धती आहेत, गरज पडल्यास औषधंही आहेत.

मग योगाची जागा कुठे? त्या तीन श्वासांत. तल्लफ लाटेसारखी असते. चढते, शिखर गाठते आणि तिला काही खायला घातलं नाही तर ओसरते. चढणीवर आपल्याला वाटतं, ही अशीच वाढत जाणार. आसनात थरथर सोसताना शरीर शिकतं की अस्वस्थता आली म्हणजे लगेच काही करावंच लागतं असं नाही. पोलंडमध्ये तेरा पुरुषांना आठ आठवडे याच धर्तीचं सजगतेचं प्रशिक्षण दिलं, २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले: व्हिडिओत जाणारा वेळ घटला, चिंता आणि उदासीही उतरली. तेरा माणसं म्हणजे फार थोडी, तुलनेला दुसरा गटही नव्हता. त्यामुळे याला उपचाराचा पुरावा म्हणता येणार नाही, पण दिशा कळते.

श्वासाचं गणित त्याहून पक्कं आहे. इटलीतल्या संशोधकांना २००१ मध्ये दिसलं की जपमाळेची प्रार्थना असो वा योगातला मंत्र, म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय व रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा अधिक तत्पर होते. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. लांब उच्छ्वासानं शरीर सावधपणातून विसाव्याकडे झुकतं. ताणात मेंदूचा पुढचा, सारासार विचार करणारा भाग ढिला पडतो. ताण उतरला की तो पुन्हा कामाला लागतो.

आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढून योगाला प्रयोगशाळेत नेलं, त्याला शंभर वर्षं झाली. तरीही काही वर्गांत असा माणूस आला की त्याला ब्रह्मचर्याचं व्याख्यान ऐकवलं जातं. कृपा करून असं करू नका. वासना दाबायला सांगितलं की ती जास्त आठवते, आणि मोडलेल्या प्रत्येक संकल्पाबरोबर लाज वाढते. इच्छा असणं निरोगी आहे. सुटलेला ताबा परत मिळवायचा आहे, एवढंच त्याला सांगा.

मित्राचं आता असं ठरलंय: रात्री फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात, झोपण्याआधी अंथरुणावर बसून दहा मिनिटं चार-सहाचा श्वास, आणि घसरलाच तर वहीत वेळ आणि त्याआधी मनात काय होतं ते दोन शब्दांत. ती वही तो मानसोपचारतज्ज्ञांना दाखवतो. पहिल्या आठवड्यात तिच्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा होता, 'भांडण'. आता बायकोही त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जाते. ज्यांना कुणाशी बोलायचं कळत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ वर, दिवसरात्र, मराठीतही.